डोणीतलं नाव

डोळ्यांत थेंब घातले होते आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. नीळकंठ मुकाट बसला होता. कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवताना त्यानं दुसऱ्यांना गप्प बसवलं होतं, आता त्याची पाळी आली होती. बारामतीतला हा दवाखाना भिगवण रस्त्याला, पहिल्या मजल्यावर, समोरून सगळी काच. मिटलेल्या पापण्यांतून ऊन तांबूस दिसत होतं आणि थेंबांची जळजळ त्या तांबूसपणात हळूहळू पसरत होती. काचबिंदू आहे हे सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. समोरचं नीट दिसतं, कडेचं जातं, आणि गेलेलं कळतही नाही, कारण रिकामी जागा मेंदू आपल्या मनानं भरून काढतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. हे ऐकून नीळकंठला भीती वाटायच्या ऐवजी राग आला होता. आपल्याच डोक्यानं आपल्याला न विचारता चित्र पुरं करावं हा त्याला शुद्ध आगाऊपणा वाटला. उजव्या हाताला त्याची बायको विनया जुन्या रिपोर्टांची चाळवाचाळव करत होती. डाव्या हाताला कुणी खेड्यातली बाई असावी; चुलीच्या धुराचा आणि खोबरेलाचा वास येत होता. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती, दवाखान्यात सगळे बघतात तसं, आवाज मोठा ठेवून. आधी कसलीशी जाहिरात झाली, मग कुणाचं तरी भाषण, आणि मग एकदम हलगी वाजायला लागली आणि तिच्यावर बायकांचा आवाज चढला.

पाठीनं चाल गं बाई, पाठीनं चाल,
म्होरलं दिसंना, मागलं सांभाळ.

 ओळी नीळकंठच्या होत्या. त्यानंच लिहिल्या होत्या, ब्याण्णव साली, श्रावणात, कसब्यातल्या भाड्याच्या खोलीत, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली. आधी ‘पुढलं’ लिहिलं होतं, मग ते फार शहरी वाटतंय म्हणून खोडून ‘म्होरलं’ केलं होतं. ते खोडणंही त्याला आत्ता आठवलं, निळ्या शाईच्या दोन रेघा. एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या विज्ञानकथेतलं गाणं होतं ते, कथेतल्या यंत्रानं गायलेलं. जगात ते गाणं कुणी गात नव्हतं, गावं असा हेतूही नव्हता. आणि आता ते डाव्या हाताला, एका अनोळखी बाईच्या मांडीवर, वीस-पंचवीस घशांतून येत होतं, चालीसकट, ठेक्यासकट, जरा घोगरं आणि बेफिकीर, जणू ते कुणी लिहिलेलंच नाही. डोळे उघडायची मनाई होती. उघडले असते तरी धुरकटच दिसलं असतं.

विनयाचा हात त्याच्या कोपराला लागला. त्या कथेची सुवाच्य प्रत तिनंच केली होती. त्याचं अक्षर संपादकांना लागत नसे. ‘अहो,’ ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘हे तुमचं आहे ना?’

त्यानं मान हलवली आणि डावीकडं तोंड करून, आंधळ्यासारखा, विचारलं, ‘बाई, हे गाणं कुठलं हो?’

‘आमच्या निरवांगीचं,’ बाई म्हणाली. ‘करीच्या दिवशी बाया डोणीभवती उलट्या फिरत्यात, त्ये. लई जुनं हाय. चारशे वरसांचं हाय म्हणं. आवंदा पुण्याची माणसं येणार हायत क्यामेरं घिऊन. तुमी कुठलं?’

‘निरवांगीची कुशाबाई माझी आत्या होती,’ नीळकंठ म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं, उगाच बोललो.

‘आगं बया, द्वारकाबाईंच्या सासूबाई व्हय,’ बाई खूश झाली. ‘मंग तुमाला म्या काय सांगायचं? तुमीच तर घरचं.’

घरचं. रिक्षातून परत येताना त्याला ते ऊन सहन होईना आणि तो शब्दही. विनया काही बोलत नव्हती. ती अशी गप्प बसली की समजायचं, तिचं मत तयार आहे आणि विचारल्याशिवाय ती ते देणार नाही. नीळकंठला ती कथा ओळीओळीनं आठवायला लागली. तेविसशे नव्वद साल. नीरा आणि भीमेच्या मधला सगळा मुलूख ओसाड, उसाचं नाव नाही. एका टेकडीवर काचेचं प्रचंड दालन, आणि त्यात गेलेली गावं प्रकाशानं परत उभी केलेली. लोक तिकीट काढून येतात आणि शेणानं सारवलेल्या अंगणांतून हिंडतात. त्यात एक गाव, त्या गावात एक दगडी डोण, आणि डोणीभोवती पाठमोऱ्या चालणाऱ्या उजेडाच्या बायका, डोक्यावर जोंधळ्याची कणसं, अकरा फेरे, तोंडी हे गाणं. बघायला आलेली एक मुलगी यंत्राला विचारते, या कुणासाठी चालतायत? यंत्राला सगळं माहीत असतं, फेऱ्यांची संख्या, पावलांमधलं अंतर, गळ्यांतले सूर, तेवढं मात्र माहीत नसतं. तिथं कथा संपते. सांगलीहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं होतं. नीळकंठनं पुढं तसलंच खूप लिहिलं. तो त्याचा हातखंडाच झाला. लोणी भापकरच्या देवळातला दगडी वराह त्यानं एकदा चंद्रावर नेऊन ठेवला. एकदा मराठी बोलणारा शेवटचा प्राणी म्हणून एक यंत्र दाखवलं, रात्री स्वतःशीच शिव्या देत बसणारं. भाकरीची चव नळीत भरून ठेवली. प्रत्येक गोष्टीत आधी सगळं बुडायचं, जळायचं, मरायचं, आणि मग यंत्र येऊन उरलंसुरलं जपायचं. यंत्र माणसं जिवंत असतानाच येईल, दुपारच्या वेळेला, चहा घेईल आणि ‘जरा उजवीकडं सरका’ म्हणेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आणि त्या डोणीचं खरं काय होतं, ते त्या कथेत नव्हतंच. ते त्यानं मुद्दाम वगळलं होतं, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तो नऊ वर्षांचा होता. आई आजारी म्हणून त्या वर्षी त्याला निरवांगीला कुशाआत्याकडं ठेवलं होतं. संक्रांत झाली, दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी शुभ काही करायचं नाही, एवढं त्यालाही ठाऊक होतं. भर दुपारी, पुरुष माणसं जेवून आडवी झाल्यावर, आत्या एकटीच मळ्यातल्या विहिरीकडं निघाली आणि हा तिच्या मागं मागं गेला. विहिरीच्या काठी गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. एरवी भरलेली असायची. त्या दिवशी कोरडी ठक्क, फडक्यानं पुसून काढलेली. आत्यानं इकडंतिकडं बघितलं, गुडघे टेकले, पदर सावरला आणि डोणीत डोकं घातलं, गाय घालते तसं. आतून एकच शब्द आला. दगडात घुमला म्हणून त्याला ऐकू आला, नाहीतर आला नसता. ते एका लेकराचं नाव होतं. नीळकंठच्या जन्माआधी आत्याचं एक मूल दीड वर्षाचं होऊन गेलं होतं; घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. आत्या उठली, तिनं पोहऱ्यानं पाणी शेंदून डोणीत ओतलं, आणि वळली तर पाटाच्या कडेला हा उभा. ती रागावली नाही. तिनं त्याची हनुवटी धरली, बोटं थंडगार ओली. ‘ऐकलंस?’ त्यानं मान हलवली. ‘इसरून जा. वरसातनं एकदा घ्यायचं असतं, एकदाच, डोणीत. दुसऱ्यांदा घेतलं की लेकरू मागं वळतं. आन् वळून यायचं कुठं त्यानं? घर इसरलेलं असतंय.’ गावातल्या आणखीही बायका येत असणार, एकेकट्या, एकमेकींची वेळ चुकवून. कुणाचं कुणाला सांगायचं नाही, आणि दिसण्यासारखं तर काहीच नाही.

यावर कथा कशी लिहायची? एक बाई डोणीत डोकं घालते. प्रकाशाच्या यंत्रानं त्यात दाखवायचं काय? तेहेतीस-चौतीस वर्षांच्या नीळकंठनं टेबलाशी बसून तिला उठवलं, तिच्या मागं आणखी बायका उभ्या केल्या, त्यांना उलटं चालवलं, डोक्यावर कणसं दिली आणि तोंडात गाणं दिलं. आत्या तेव्हा नव्हती, चौऱ्याऐंशीतच गेली होती, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. अंकाची एक प्रत त्यानं मोठ्या कौतुकानं निरवांगीच्या शाळेला पाठवली. माधवी नावाच्या कुणी हौशी शिक्षिका होत्या, त्यांनी त्यातलं गाणं उचलून मुलींचा नाच बसवला, स्नेहसंमेलनात केला. त्यांचं तसं कार्डही आलं होतं आणि नीळकंठनं उलट टपाली अभिनंदन केलं होतं. मग तो विसरून गेला. ज्या मुली त्या नाचात होत्या त्यांची लग्नं झाली, त्यांतल्या काही गावातच दिल्या, बचत गट निघाले, कारखान्याच्या कार्यक्रमात नाच झाला, तालुक्यात पहिला आला, करीच्या दिवशी प्रत्यक्ष डोणीपाशी व्हायला लागला. तेहेतीस वर्षं. एवढ्यात झाडाला सावली येते, मग परंपरा यायला काय हरकत आहे.

घरी आल्यावर त्यानं विनयाला विचारलंच. ‘मी काय करू?’

‘काही करू नका,’ ती चहा गाळता गाळता म्हणाली. ‘बायकांना वर्षातून एक दिवस घराबाहेर पडून नाचायला मिळतंय. तुमचं काय जातंय?’

‘खोटं आहे ते.’

‘मग? सत्यनारायण काय पुरावे बघून घालतात?’

त्यानं तिला डोणीचं खरं कधीच सांगितलं नव्हतं. संसाराची चाळीस वर्षं झाली, तरी ते सांगितलं नव्हतं. त्यामुळं त्याला नेमकं काय टोचतंय हे तिला कळायची सोय नव्हती. खोट्याचं त्याला विशेष वाटत नव्हतं. खोटं लिहूनच त्यानं नाव कमावलं होतं. त्याला वाटत होतं ते त्या एका शब्दाचं. कुशाआत्याच्या लेकराचं नाव जगात आता फक्त त्याच्या डोक्यात होतं. आत्याचा मुलगा, त्याचा आतेभाऊ, गेला होता. बाकी कुणाला ते कळलं असण्याचं कारण नव्हतं. आणि ते डोकं कसं चाललंय हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, कडेनं काळं होत आलेलं वर्तुळ. त्याला वाटायला लागलं की आपण गेलो की ते मूल दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी रडायलाही कुणी नसेल. रात्री जेवताना त्यानं ताट अर्ध्यातच सरकवलं. विनयाला वाटलं, थेंबांचा परिणाम असेल.

दोन दिवसांनी फोन आला. दवाखान्यातल्या बाईनं गावात जाऊन सांगितलं होतं आणि तिथून नंबर पुण्यापर्यंत पोचला होता. वैदेही नावाची मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची, बोलणं आर्जवी. ‘सर, आम्ही निरवांगीचा डोणफेरा कायमचा जतन करतोय,’ ती म्हणाली. नावही पडलं होतं, डोणफेरा. ‘सगळ्या बाजूंनी स्कॅन करतो, विहीर, डोण, बायका, आवाज, सगळं. तीनशे वर्षांनीसुद्धा कुणी चष्मा चढवला की तो तिथं उभा असेल, त्या बायकांच्या मधोमध. जिथं माहिती कमी पडते तिथं सॉफ्टवेअर जागा भरून काढतं. फक्त आम्हाला एक जुनं, शिकलेलं माणूस हवंय, लहानपणी हे बघितलेलं. तुम्ही कॅमेऱ्यापुढं तेवढं सांगाल का, की तुम्ही हे पाहिलंय?’ तिनं ती कथा वाचलेली नव्हती. तरी ती त्यातलीच वाक्यं बोलत होती, एखादा शब्द इकडंतिकडं करून. ‘येतो,’ तो म्हणाला.

करीच्या दिवशी तो सकाळीच निघाला. गाडी विनयाच्या ओळखीतल्या ड्रायव्हरनं चालवली. नीळकंठला आता चालवायची परवानगी नव्हती. विनया आली नाही. दारातून एवढंच म्हणाली, ‘जे सांगाल ते विचार करून सांगा. सांगितलेलं परत घेता येत नाही.’ पिंपळी मागं पडली आणि ऊस सुरू झाला. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागली होती, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, ड्रायव्हर वैतागून हॉर्न देत होता. कारखान्याची मळीची घाण काच लावूनही आत येत होती. लहानपणी या वासानं त्याला उमासे यायचे. आत्या नाकाला कांदा लावायची. त्यानं काच खाली केली आणि तो वास मुद्दाम छातीभर घेतला, म्हटलं, हा एक तरी कुणी स्कॅन करणार नाही. त्याला स्वतःच्या कथांची चीड आली. त्यांतल्या भविष्यात माणसं किती सभ्य होती. हळू बोलायची, काचेला हात लावायची नाहीत, आणि गेलेल्या गोष्टीपुढं उभं राहून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. भविष्य लांबून, दमून येईल असं त्यानं धरलं होतं. ते लासुर्ण्याच्या पुढं दोन जीपगाड्या भरून त्याच्या आधीच गेलं होतं.

द्वारकाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. आतेभावाची बायको, नीळकंठपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, आत्याच्या हाताखाली चौदा वर्षं नांदलेली. केस पांढरे शुभ्र, पाठ मात्र ताठ. तिचा मुलगा इंद्रजित मळ्यात विहिरीपाशी मांडवाचं बघत होता.

‘या भावजी,’ ती म्हणाली. ‘म्या म्हणलं, इसरलं आमाला. डोळ्यांचं कसं हाय?’

‘चाललंय वहिनी.’ तो पायरीवर बसला. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं जपून विचारलं, ‘हा डोणीचा फेरा तुम्हाला कुणी शिकवला?’

‘कुणी म्हंजी? सासूबाईंनी.’ ती तांदळातनं मान वर न काढता म्हणाली. ‘पहिल्या वरसालाच. म्हणल्या, द्वारके, पाठीनं चालायचं. आकरा फेरं.’

आत्या गेल्यावर आठ वर्षांनी त्यानं ते फेरे मोजले होते. आधी नऊ लिहिले होते. ‘आणि नावं?’ त्यानं विचारलं. ‘डोणीत नाव घ्यायचं काही होतं का?’

तिची बोटं तांदळात क्षणभर थांबली. ‘कसली नावं? न्हाय बा. गाणं म्हणायचं, फिरायचं, डोण भरायची. बास.’ मग जरा वेळानं, ‘डोण तेवढी मी पुसती, सकाळच्या पारी. दुसऱ्या कुणाला पुसू देत न्हाय.’

नीळकंठला गलबलून आलं. आत्याच्या घरात, आत्याच्या सुनेच्या डोक्यात, त्याचं गाणं जाऊन बसलं होतं आणि खरं होतं ते उठून गेलं होतं. त्यानं लिहिलेल्या आत्यानं मेलेल्या आत्याला हुसकावलं होतं. आता फक्त मी, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात दुःख होतं तसा किंचित अभिमानही होता. तो त्याला तेव्हा कळला नाही.

विहीर मोटा बंद झाल्यापासून पडून होती, वर लोखंडी जाळी टाकलेली. डोणीला या वर्षासाठी चुना फासला होता. भोवती तीन पायांच्या घोड्यांवर कॅमेरे, एक काळा गोळा स्वतःभोवती फिरत सगळं मोजत होता. बायका नव्या लुगड्यांत आणि साड्यांत, डोक्यावर कणसं. जोंधळा आता इथं कुणी फारसा पेरत नव्हतं, कणसं पलीकडच्या तालुक्यातनं आणली होती. हलगी वाजली आणि अकरा फेरे झाले. नीळकंठ खुर्चीवर बसून बघत होता. त्याच्या नजरेच्या मधल्या वर्तुळात एकेक बाई पाठमोरी यायची आणि कडेला जाऊन नाहीशी व्हायची. नाच वाईट नव्हता. बायका हसत होत्या, एकमेकींना धक्के देत होत्या. द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढं होती, म्हणजे सगळ्यांच्या मागं. विनया म्हणाली होती तेच खरं, कुणाचं काही जात नव्हतं. मग वैदेही त्याच्यासमोर येऊन बसली, त्याच्या शर्टाला तिनं बोंडाएवढा माइक लावला आणि विचारलं, ‘सर, हे तुम्ही लहानपणी पाहिलंय?’

त्यानं हो म्हणायचं ठरवलं असतं तर म्हणता आलं असतं. बायका घाम पुसत भोवती उभ्या होत्या, आपल्याबद्दल काय चांगलं बोलतात ते ऐकायला. ‘नाही,’ तो म्हणाला. आणि मग त्याला थांबता येईना. गाणं माझं आहे, तो म्हणाला, फेरे माझे आहेत, मी एका गोष्टीत लिहिले होते. बायकांत कुजबुज झाली; एकजण हसली, म्हातारं बरळतंय म्हणून. मग तो डोणीचं बोलला. ती रिकामी ठेवण्याचं, भर दुपारी एकेकटीनं येण्याचं, गुडघे टेकण्याचं, डोकं आत घालण्याचं. वर्गात बोलायचा तसा नीट, क्रमानं बोलला. वैदेहीचे डोळे मोठे झाले होते. ‘सर, तुमच्या आत्यांनी कुठलं नाव घेतलं होतं?’ तिनं विचारलं. आणि अठ्ठावन्न वर्षं जे त्यानं मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं, ते त्यानं त्या बोंडात सांगितलं. एक हलकेपणा आला, ताप उतरल्यासारखा. आता ते राहील, त्याला वाटलं. फक्त आत्याचं एक बोलणं त्यानं सांगितलं नाही, एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा घेतलं की लेकरू मागं वळतं, ते. तो विसरला नव्हता. ते सांगितलं असतं तर नाव सांगता आलं नसतं.

 मग वैदेही वळली आणि हळुवारपणे म्हणाली, ‘आजी, तुम्हाला हे माहीत होतं?’

द्वारकाबाई डोणीला हात लावून उभी होती. तिनं नीळकंठकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. आपण घरात असताना कुणी कडी काढून आत यावं आणि काय बोलावं हे सुचू नये, तसं ते बघणं होतं. नीळकंठला आत्ता कळलं, एकदम, सगळं. ती विसरली नव्हती. सकाळी डोण पुसायला ती एकटी येत होती, आणि पुसताना डोकं आत घालावंच लागतं. इतकी वर्षं त्याच्या त्या नाचगाण्याच्या गलबल्याआड ती आपलं काम निवांत करत होती. त्याचं गाणं कुणाला हुसकावत नव्हतं. ते दारावर टाकलेल्या पडद्यासारखं होतं, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढला होता.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘घेती मी.’

‘कुणाचं, आजी?’

‘पोरीचं.’ इंद्रजितनं चमकून आईकडं बघितलं. त्याला बहीण होती हे त्याला आजवर माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

‘आजी, एकदा घ्याल? नेहमी घेता तसंच. आम्ही लांब उभे राहतो.’

‘आजचं झालंया माझं. सकाळीच.’

‘फक्त रेकॉर्डिंगसाठी, आजी. नाहीतर हे कायमचं जाईल हो.’ मुलीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. नीळकंठच्या कथांमधल्या माणसांच्या डोळ्यांत यायचं तसलंच.

द्वारकाबाईनं पुन्हा त्याच्याकडं बघितलं. ‘तुमी शिकलेलं माणूस,’ ती म्हणाली. ‘सासूबाईंनी तुमाला बी सांगितलं असंल. तुमी सांगा भावजी, घिऊ का?’

एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं, आत्याच्या आवाजात, थंडगार ओल्या बोटांसकट. पण त्याच वेळी त्याला ते काचेचं दालन दिसलं, आणि त्यात गुडघे टेकलेली ही म्हातारी, आणि यंत्राला विचारणारी मुलगी, या कुणासाठी? आणि या वेळी यंत्राला माहीत होतं. एवढंच एक उत्तर त्या कथेला कमी पडलं होतं. त्याला ते हवं होतं. जन्मभर दुसरं काही त्यानं इतकं मागितलं नव्हतं.

‘घ्या, वहिनी,’ तो म्हणाला.

ती वाकली. गुडघे टेकायला तिला वेळ लागला. पदर सावरून तिनं डोणीत डोकं घातलं आणि आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. नेमक्या त्याच वेळी बारामतीच्या विमानतळावरची पोरं शिकायला उडवतात तसलं एक विमान डोक्यावरून घरघरत गेलं. कॅमेऱ्यामागच्या माणसानं मान हलवली. वैदेही ओशाळून म्हणाली, ‘आजी, सॉरी, आवाज नाही आला. परत एकदा, जरा मोठ्यानं?’

या वेळी द्वारकाबाईनं कुणाला विचारलं नाही. ती डोणीत वाकलीही नाही. गुडघ्यावरच बसून, कॅमेऱ्याकडं बघून, शाळेत हजेरी देतात तसं तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं. सगळ्यांनी ऐकलं. बायकांनी ऐकलं, इंद्रजितनं ऐकलं, हलगीवाल्यानं ऐकलं.

‘आलं का गं बाय आता?’ तिनं विचारलं.

‘आलं, आजी. खूप छान आलं.’

द्वारकाबाई डोणीच्या काठाला धरून उठली. बायका पांगायला लागल्या, कुणी चहाचं बोलवलं. ती गेली नाही. उन्हाला हात आडवा धरून ती उसामधून येणाऱ्या वाटेकडं बघत उभी राहिली, मग जरा पुढं होऊन वाटेच्या दुसऱ्या टोकाकडं. ‘आई, काय बघतीस?’ इंद्रजितनं विचारलं.  नीळकंठ खुर्चीतून उठला, पण तिच्यापर्यंत जायचा त्याला धीर झाला नाही.